घर बांधणाऱ्याने कज्जेखर्चाचा विमा घ्यावा काय?
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या संमेलनात आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्या मर्जीवर सोडला. आम्ही निवडलेला विषय कित्येकांस रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झाली, त्यांपैकी काहींनी तेथे स्वतःची घरे बांधावयास घेतली आहेत, आणि त्यांच्या आईबापांकडून आम्हांस पुनःपुन्हा एकच प्रश्न येतो. ‘तिकडे म्हणे कोर्टकचेरीच्या खर्चाचासुद्धा विमा उतरवता येतो. घर बांधताना तो घ्यावा का?’ या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही, म्हणून हा प्रपंच.

आपण सुतार. घर बांधणे हा आपल्या वाडवडिलांचा व्यवसाय होता, घर बांधवून घेणे हा नव्हे. कज्जाच्या दोन बाजूंपैकी आपली बाजू पिढ्यान्‌पिढ्या एकच होती. आमचे आजोबा आढे चढवून, नारळ आणि पागोटे घेऊन घरी येत आणि ठरलेल्या पैशांपैकी शेवटच्या पैशांसाठी पुढची दिवाळी उजाडेपर्यंत मालकाच्या ओसरीवर खेटे घालीत, असे आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. आज त्याच ज्ञातीची मुले परमुलखात मालक म्हणून उभी आहेत. हा पालट आनंदाचा खराच. पण कारागिराचे पैसे अडवून धरावयाचे म्हटले की आपल्या माणसाचा हात अजूनही कापतो. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगत आहो, कारण पुढे जी हकीकत सांगावयाची आहे तिचे मर्म तीत आहे.

प्रथम या विम्याचे स्वरूप पाहू. त्याचा उगम फ्रान्समध्ये, ल माँ या गावी, १९१७ साली झाला. मोटारवाल्यांस अपघाताच्या दाव्यांत वकिलाचा खर्च मिळावा, एवढाच त्याचा मूळ हेतू. जर्मनीत तो १९२८ साली आला आणि तेथे असा काही रुजला की आज सामान्य पगारदार कुटुंबेही त्याचा हप्ता भरतात. तिकडे त्यास ‘रेख्ट्सशुट्झ’ म्हणतात. त्यास एवढी मागणी का, हे समजण्यासाठी तेथील न्यायालयाची रीत ध्यानात घ्यावी लागते. जर्मनीत वकिलाची फी आणि कोर्टाचा खर्च ही दोन्ही दाव्याच्या रकमेवरून कायद्याने ठरलेल्या कोष्टकानुसार आकारली जातात, आणि जो हरेल त्याने आपल्या वकिलाबरोबर प्रतिपक्षाच्या वकिलाचीही कोष्टकानुसार होणारी फी भरावयाची असते. अंशतः हरला तर त्या प्रमाणात. पन्नास हजार युरोंचा दावा पहिल्याच न्यायालयात पूर्णपणे हरला, तर दोन्ही वकील व कोर्ट मिळून दहा हजार युरोंच्या आसपास खर्च अंगावर येतो. त्यात न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचा मेहनताना धरलेला नाही. आणि बांधकामाच्या दाव्यात तज्ज्ञावाचून पान हलत नाही. अशा ठिकाणी मनुष्याने विम्याचा आसरा शोधावा, यात नवल नाही.

आता आमच्या घरातील हकीकत. आमचा एक पुतण्या स्टुटगार्टच्या परिसरात यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याने व सूनबाईने पैपैसा साठवून, बँकेचे कर्ज काढून, तेथे घर बांधावयास घेतले. सारे घर एकाच कंत्राटदाराकडे, किंमत चार लाख युरो. पुतण्याकडे कज्जेखर्चाचा विमा होता; नोकरीस लागल्यापासून त्याचा हप्ता एकदाही चुकला नव्हता. त्यामुळे मनाने तो निर्धास्त होता. आम्ही त्यास फोनवर विचारले, ‘बाबा, काम पाहावयास कोणी स्वतंत्र माणूस नेमला आहेस का?’ तो म्हणाला, ‘काका, इथले लोक शिस्तीचे आहेत. आणि काही झालेच तर विमा आहे.’

घर उभे राहिले. एका पावसाळी आठवड्यानंतर तळघराच्या उत्तरेकडील भिंतीच्या पायथ्याशी ओलीची रेघ उमटली. पंधरा दिवसांत ती वीतभर चढली. कंत्राटदाराने सांगितले, नवे काँक्रीट आहे, वाळेल. ते वाळले नाही. तेव्हा पुतण्याने विमा कंपनीस पत्र लिहिले. उत्तर आठ दिवसांत आले, आणि ते अगदी सभ्य भाषेत होते. विमापत्रातील अमुक कलमान्वये बांधकामासंबंधीचे तंटे विम्याच्या कक्षेत येत नाहीत, सबब कंपनी खेद व्यक्त करते.

कंपनीने यात काही लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. जर्मनीत प्रचलित असलेल्या सर्वसाधारण कज्जेखर्च-विम्यात हे अपवादाचे कलम असतेच. बांधकामासाठी घेतलेल्या भूखंडाची खरेदी, घराचा आराखडा, घराची उभारणी, परवानगी लागेल असा फेरबदल आणि या सर्वांसाठी काढलेले कर्ज, इतक्या गोष्टींतून उद्भवणारे तंटे त्या कलमाने वगळलेले असतात. तिकडे त्यास ‘बाउरिझिको’, म्हणजे बांधकामाची जोखीम, असे नाव आहे. वगळण्याचे कारणही सरळ आहे. बांधकामाचे तंटे वारंवार होतात, ते वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांत तज्ज्ञांचा खर्च अफाट होतो. विमाधारकांपैकी घर बांधणारे थोडे. त्या थोड्यांच्या भांडणाचा खर्च भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाकीच्यांच्या हप्त्यांतून का भागवावा, असा विमेवाल्यांचा हिशेब आहे. हिशेब चुकीचा नाही. चूक एवढीच की, घर बांधणारा नेमके हेच कलम वाचीत नाही. ज्या एका प्रसंगासाठी आपण विमा बाळगला असे त्यास वाटत असते, तोच प्रसंग वगळलेला असतो.

काही थोड्या कंपन्या बांधकामाच्या तंट्यांसाठी निराळे संरक्षण देतात, हे खरे. ज्यांस ते घ्यावयाचे असेल त्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. खर्चाची कमाल मर्यादा किती, हे आधी पाहावे. ती इतकी तोकडी असू शकते की एका तज्ज्ञाच्या अहवालातच संपून जाईल. दुसरी गोष्ट प्रतीक्षेच्या मुदतीची. अशा विम्यांत बहुधा तीन महिने वा अधिक काळ लोटल्यावाचून संरक्षण सुरू होत नाही, आणि ज्या तंट्याचे बीज विमा उतरवण्यापूर्वी पडले त्यास तो कधीच लागू होत नाही. करारावर सही झाली, पाया खणला, मग ओल दिसली आणि मग विमा उतरवला, असे चालत नाही. विमा घ्यावयाचाच तर भूखंड पाहावयास निघण्यापूर्वी घ्यावा लागतो. तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि ती कोणतेही विमापत्र सांगत नाही. विमा मिळवून देतो तो दावा लढण्याचा खर्च. दाव्यात जिंकलेली रक्कम वसूल करून देणे त्याच्या हाती नसते. २०२२ नंतर त्या देशात बांधकामाचे दर आणि कर्जाचे व्याज एकदम वाढले, तेव्हा कित्येक कंत्राटदारांनी दिवाळे काढले. दिवाळखोराविरुद्धचा हुकूमनामा भिंतीवर टांगण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही.

मग पुतण्याचे पुढे काय झाले? येथे त्याची एक चूक आणि एक शहाणपण अशी दोन्ही सांगावी लागतील.

चूक अशी की, तळघराच्या बाहेरील अंगास जलरोधक थर दिल्यावर भोवती माती भरण्यापूर्वी तो कोणा जाणत्या माणसाने पाहावयास हवा होता. आमची सारी चाकरी बांधकाम खात्यात गेली. जे काम मातीखाली किंवा गिलाव्याखाली झाकले जाणार ते झाकण्यापूर्वी पाहावे, हा त्या खात्यातला पहिला धडा. तेथे स्वतंत्र बांधकामतज्ज्ञ मिळतात. ग्राहकसंस्था आणि घर बांधणाऱ्यांचे संघही अशी तपासणी करून देतात. त्याची फी पुतण्यास जड वाटली. तीच कथा पैशांची. डिसेंबर महिन्यात नाताळच्या तोंडावर मुकादमाने, कामगारांचे पगार भागवावयाचे आहेत असे सांगून, छपराचा हप्ता छप्पर पुरे होण्यापूर्वीच मागितला, आणि पुतण्याने तो दिला. ‘आजोबांची आठवण झाली, काका,’ असे तो नंतर म्हणाला. त्यावर त्यास काय बोलावे, हे आम्हांस सुचले नाही.

शहाणपण त्याचे स्वतःचे म्हणण्यापेक्षा कायद्याचे म्हणावे. १ जानेवारी २०१८ पासून जर्मनीत घर बांधवून घेणाऱ्या ग्राहकासाठी नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार घर पुरे होऊन ताब्यात घेईपर्यंत कंत्राटदाराला एकंदर किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक हप्ते मागता येत नाहीत. पहिल्या हप्त्याच्या वेळी त्याने एकंदर किमतीच्या ५ टक्के इतके तारण मालकास द्यावयाचे असते. काम वेळेवर व मोठ्या दोषांवाचून पुरे होईल याची ती हमी. कामाचे तपशीलवार वर्णन लेखी द्यावे लागते, आणि त्यात संदिग्धता राहिल्यास अर्थ कंत्राटदाराविरुद्ध लावला जातो. करार नोटरीपुढे झालेला नसेल तर चौदा दिवसांत तो मागेही घेता येतो. मात्र सारे घर एकाच्याच हाती सोपवले असेल तरच हे संरक्षण मिळते. गवंडी निराळा, सुतार निराळा, नळकाम निराळे अशी वाटणी केली तर मिळत नाही, असे तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. जमीन व घर एकत्र विकणाऱ्या विकासकांचे नियम पुन्हा निराळे आहेत. थोडे पैसे वाचतील म्हणून कामाची वाटणी करणाऱ्यांनी हे आधी तोलून पाहावे.

पाच टक्क्यांच्या तारणाची पुतण्यास कल्पनाच नव्हती. ते त्याने मागितले नाही. परंतु शेवटचे १० टक्के, म्हणजे चाळीस हजार युरो, कायद्यामुळे आपोआपच त्याच्या हाती उरले होते. कंत्राटदार म्हणू लागला, आधी घर ताब्यात घेतल्याची सही करा, उरलेले पैसे द्या, मग ओलीचे पाहू. येथे पुतण्याने प्रथमच एका वकिलाचा सल्ला घेतला, स्वतःच्या खिशातून फी भरून. वकिलाने त्यास सांगितले ते आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ताबा घेण्याची ती सही, तिकडे तीस ‘आबनामे’ म्हणतात, ही साऱ्या व्यवहाराची खुंटी होय. सही होईपर्यंत काम निर्दोष आहे हे कंत्राटदाराने सिद्ध करावयाचे. सही झाली की काम सदोष आहे हे मालकाने सिद्ध करावयाचे. दोष ठाऊक असून तो नोंदल्याशिवाय सही केली, तर दुरुस्ती मागण्याचा हक्कही हातचा जातो. इमारतीची पाच वर्षांची दोषमुदतही त्याच दिवसापासून मोजली जाते. तसेच, दोष असेल तर तो दुरुस्त करण्यास जेवढा खर्च येईल त्याच्या साधारण दुप्पट रक्कम अडवून ठेवण्याची मालकास मुभा आहे.

पुतण्याने सही केली नाही. त्याने एक तज्ज्ञ नेमला. त्याने भिंतीलगत खणून पाहिले आणि जलरोधक थर दोन ठिकाणी फाटलेला असल्याचे छायाचित्रांसह लिहून दिले. दुरुस्तीचा अंदाज अठरा हजार युरो. छत्तीस हजार अडवणे रास्त, आणि हातात चाळीस. कंत्राटदाराने दोन महिने पत्रापत्री केली. पुतण्याचा वकील न्यायालयाकडे दाव्यापूर्वीच्या पुराव्याचा अर्ज करण्याच्या तयारीत होता. त्या रीतीत कोर्टच तज्ज्ञ नेमते आणि मुदतीचे घड्याळही थांबते. तो अर्ज करावा लागला नाही. वसंत ऋतूत कंत्राटदाराने माणसे पाठवून भिंतीची माती उकरली, थर नव्याने दिला, आणि दुसऱ्या तपासणीनंतर पुतण्याने शेवटचे पैसे त्याच आठवड्यात चुकते केले. मधल्या आठ महिन्यांचे भाडे आणि बँकेचे व्याज त्यास दुहेरी पडले. सूनबाई बाळंतपणाला जुन्याच दोन खोल्यांत राहिली. वकील व तज्ज्ञ यांची फी गेली ती गेलीच. पण इतक्या वर्षांच्या विमाहप्त्यांनी जे साधले नाही ते त्या अडवून ठेवलेल्या दहा टक्क्यांनी साधले.

यावरून तो विमा टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. घरात राहावयास गेल्यावर शेजाऱ्याशी कुंपणावरून वा झाडावरून उद्भवणारा तंटा, नोकरीतील तंटा, रस्त्यावरील अपघात, यांसाठी परमुलखात तो बाळगणे बरे. मात्र घरासंबंधीचा भाग त्यात समाविष्ट आहे याची खात्री करावी. घर बांधण्याच्या काळात निकडीचे विमे निराळेच आहेत. तुमच्या जागेवर कोणी वाटसरू खड्ड्यात पडला तर त्याची जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येते. तीसाठी असलेला मालकाचा दायित्व-विमा प्रत्येकाने घेतलाच पाहिजे. त्यात एक गोम अशी की, कोणी अवास्तव भरपाई मागितल्यास ती परतवण्याचा कायदेशीर खर्चही तोच विमा सोसतो. म्हणजे कज्जेखर्चाचे थोडेबहुत संरक्षण त्यात अनायासे मिळते. वादळाने किंवा खोडसाळपणाने अर्धवट काम उद्ध्वस्त झाल्यास त्यासाठी निराळा विमा आहे. आणि मित्रमंडळी सुट्टीच्या दिवशी हातभार लावावयास येणार असतील, तर त्यांची नोंद बांधकामाच्या व्यवसायविमा-संस्थेकडे करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपली मुले हे हौसेने करतात आणि नोंद मात्र करीत नाहीत, म्हणून सांगितले.

तेव्हा जर्मनीतील मुलांच्या आईबापांस आमचे उत्तर असे. बांधकामासाठीचा खास विमा जमीन घेण्यापूर्वी, पुरेशा मर्यादेचा मिळत असेल आणि हप्ता झेपत असेल तर घ्या. तसा मिळत नसेल तर हळहळू नका. तेवढाच पैसा सही करण्यापूर्वी करार वाचून देणाऱ्या वकिलावर, आणि माती भरण्यापूर्वी पाया पाहणाऱ्या तज्ज्ञावर खर्च करा.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण म्हणतील, आम्ही तर घर नगर-नाशकाकडे बांधणार, आम्हांस याचा काय उपयोग? उपयोग आहे. घर बांधणाऱ्यासाठी असा कज्जेखर्चाचा विमा आपल्या बाजारात रुळलेलाच नाही. म्हणजे पुतण्याला कंपनीचे पत्र आल्यावर तो जेथे उभा होता तेथे आपण पहिल्या दिवसापासून उभे असतो. शिवाय ‘रेरा’ आहे ना, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. २०१६ चा तो कायदा विक्रीसाठी घरे बांधणाऱ्या विकासकांच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी बंगला बांधणारा आणि त्याचा कंत्राटदार यांचा तंटा त्यात बसत नाही.

त्याची दाद ग्राहक आयोगाकडे मागता येते. घरबांधणी ही सेवा होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केले, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे वकील नेमण्याची सक्ती नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. ‘पाहू, पुढच्या पावसाळ्यात गळते का’ असे म्हणता म्हणता दोन पावसाळे निघून जातात. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. घर आणि करार गृहिणीच्या नावे असेल तर हप्ता न भरता मिळणारा हा एक प्रकारचा विमाच होय.

पण पैसे अडवण्याचे काय? सरकारी कामात प्रत्येक बिलातून अनामत कापून ठेवतात आणि दोषदायित्वाची मुदत संपल्यावर परत देतात. ही रीत आम्ही जन्मभर चालवली. खाजगी घर बांधणारा मात्र चौरस फुटाचा दर तोंडी ठरवतो, स्लॅबमागे स्लॅब पैसे मोजतो, आणि गिलाव्यापर्यंत येतो तो त्याच्या हाती काही उरत नाही. आम्ही सुचवतो ते इतकेच. दहा टक्के शेवटपर्यंत राखून ठेवण्याची अट कागदावर, कामास हात लागण्यापूर्वी घाला. आणि ज्या दिवशी काम दोषरहित पुरे होईल त्याच आठवड्यात ते पैसे चुकते करण्याची अटही त्याच कागदावर घाला. लेखी नोंदलेल्या दोषासाठी पैसे अडवणे निराळे आणि ओसरीवर खेटे घालावयास लावणे निराळे. तो फरक आपल्या ज्ञातीला कोणी समजावून सांगावा लागेल असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांस अशा कराराचा मसुदा पाहिजे असेल त्यांच्यासाठी आम्ही एक साधा नमुना तयार केला आहे. भोजनानंतर तो व्यासपीठाच्या डाव्या बाजूस ठेवलेला मिळेल. पुतण्याच्या तळघराची छायाचित्रेही तेथेच आहेत; ती ओलीची रेघ पाहून घ्यावी.